पहिल्या पायरीवरचे पाठबळ : महिलांचे तंत्रउद्योग आणि शासकीय अर्थसाह्य

केंद्र शासनाच्या 'स्टार्टअप इंडिया' ह्या उपक्रमाचा प्रारंभ १६ जानेवारी २०१६ रोजी झाला. २०२४ सालच्या अखेरीस शासनमान्य स्टार्टअपची संख्या दीड लाखाच्या पुढे गेली होती आणि त्यांपैकी ७३ हजारांहून अधिक उद्योगांत किमान एक महिला संचालक आहे, असे शासनाने जाहीर केले. जवळजवळ निम्मे उद्योग! आकडा मोठा आहे व त्याचे कौतुकही झाले. परंतु 'किमान एक महिला संचालक' हे शब्द सावकाश वाचले पाहिजेत. संचालक मंडळावर स्त्रीचे नाव असणे ही एक गोष्ट, आणि कल्पना तिची, निर्णय तिचा व भागभांडवलही तिचे असणे ही दुसरी गोष्ट होय. ह्या दोहोंमधील अंतर हाच आमच्या ह्या लेखाचा विषय आहे, कारण सार्वजनिक पैसा नेमका ह्या अंतरात अडकतो.

आपल्या धर्मग्रामांतून परिचारिका, शिक्षिका, औषधनिर्मात्या आणि अभियंत्या झालेल्या मुलींची संख्या लहान नाही. त्यांच्यापैकी कोणाला एखादे यंत्र, एखादी तपासणी पद्धत किंवा संगणकप्रणाली सुचली तर पुढे काय करावे, कोणाकडे जावे, हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नसते. म्हणून शासनाच्या योजना कशा चालतात हे येथे सोप्या रीतीने मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. जेथे ह्या योजना आम्हांस अपुऱ्या वाटतात तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

बँक येथे का थांबते?

एक कल्पित उदाहरण घेऊ या. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेच्या लक्षात येते की, सलाईनची बाटली रिकामी होत आली तरी गर्दीच्या वॉर्डात ती वेळेवर दिसत नाही. बाटलीला अडकवता येईल आणि परिचारिकांच्या टेबलावर सूचना देईल, असे एक स्वस्त साधन तिला सुचते. अभियंता असलेली तिची मैत्रीण त्यासाठी मदत करावयास तयार होते. कल्पना चांगली आहे. तथापि साधन अद्याप अस्तित्वात नाही, ग्राहक नाही, उत्पन्न नाही. हाती आहे ती केवळ एक वही आणि त्या वहीतील आकृत्या.

ह्या स्थितीत ती बँकेत गेली तर बँकेचा व्यवस्थापक दोन गोष्टी विचारील : तारण काय आणि जामीनदार कोण? त्यात त्याचा दोष नाही. बँकेतील पैसा ठेवीदारांचा असतो व तो बुडवण्याचा तिला अधिकार नाही. वसईच्या ख्रिस्ती समाजाला तर हे सांगावयास नको. १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस ह्यांनी स्थापन केलेल्या बॅसीन कॅथॉलिक बँकेने पिढ्यान् पिढ्या आपल्या लोकांना सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचवले. शेती, घर, दुकान, टेम्पो, मुलांचे शिक्षण ह्यांसाठी सहकारी पतपुरवठ्याची आपली परंपरा अभिमानास्पद आहे. परंतु ती परंपरा परतफेडीवर उभी आहे. ज्या वस्तूचा पहिला नमुनाच बिघडण्याची शक्यता अधिक, तिच्यासाठी कर्ज हे योग्य साधन नव्हे. नमुना फसला तरी हप्ता थांबत नाही, आणि तारण ठेवावयाचे म्हटले तर सातबारा किंवा घर बहुधा वडिलांच्या, भावाच्या अथवा पतीच्या नावावर असते. ज्या स्त्रीच्या नावावर स्थावर मालमत्ता नाही ती तारणाच्या अटीपाशीच अडते. तिच्या कल्पनेचा विचार होण्याची वेळच येत नाही. तारणाशिवायच्या लहान कर्जांना हमी देणारा एक निधी केंद्राने २००० साली उभारला आहे. त्याने दरवाजा थोडा उघडला, तरीही कर्ज ते कर्जच.

वैद्यकीय क्षेत्रात तर वाट अधिकच लांब असते. पुण्यातील पेरीविंकल टेक्नॉलॉजीज ह्या महिलेच्या नेतृत्वाखालील कंपनीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्राथमिक तपासणीसाठी हातात मावेल असे 'स्मार्ट स्कोप' हे उपकरण तयार केले. अशा उपकरणाचा नमुना प्रयोगशाळेत चालला म्हणून तो उद्या विकता येत नाही. डॉक्टरांकरवी रुग्णांवर चाचण्या घ्याव्या लागतात, नैतिकता समितीची परवानगी लागते, निष्कर्ष तपासले जातात, दर्जाची प्रमाणपत्रे मिळवावी लागतात. ही सारी वर्षे खर्चाची असतात, कमाईची नसतात. स्टार्टअपचा 'प्रारंभिक टप्पा' म्हणतात तो हाच.

खाजगी गुंतवणूकदार आहेतच की, असे कोणी म्हणेल. आहेत. परंतु त्यांच्या दारातही तराजू समतोल नाही. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप आणि मासचॅलेंज ह्या संस्थांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीत असे आढळले की, महिलांनी स्थापन किंवा सहस्थापन केलेल्या उद्योगांना सरासरी ९ लाख ३५ हजार डॉलर गुंतवणूक मिळाली, तर पुरुषांनी स्थापन केलेल्यांना २१ लाख डॉलर. आणि गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे उत्पन्न पाहिले तर महिलांच्या उद्योगांनी ७८ सेंट मिळवले, पुरुषांच्या उद्योगांनी ३१ सेंट. म्हणजे कमी पैशांत त्यांनी अधिक काम करून दाखविले होते.

ह्याहूनही बोलके आहे ते डॅना कान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन. न्यूयॉर्कमधील एका स्टार्टअप स्पर्धेत गुंतवणूकदारांनी विचारलेले प्रश्न त्यांनी तपासले. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६७ टक्के प्रश्न वाढीविषयी होते : ग्राहक किती वाढतील, बाजार किती मोठा होईल? महिलांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६६ टक्के प्रश्न धोक्याविषयी होते : आहेत ते ग्राहक टिकतील का, खर्च भरून निघावयास किती काळ लागेल? ज्याला जसा प्रश्न तसे त्याचे उत्तर, आणि जसे उत्तर तसा पैसा. असे तिरके प्रश्न विचारण्यात स्त्री गुंतवणूकदारही मागे नव्हत्या, हे विशेष. आमच्या मुलींनी ह्यातून एक व्यवहारी धडा घ्यावा. प्रश्न धोक्याचा आला तरी उत्तर धोक्यापाशी थांबवू नये, ते वाढीपर्यंत न्यावे. असे उत्तर देणाऱ्यांना अधिक निधी मिळाला, असेही त्याच संशोधनात दिसून आले.

सार्वजनिक पैसा धंद्याला द्यावा का?

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येतो आणि तो रास्त आहे. शाळांना शिक्षक हवेत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधे हवीत. अशा वेळी करदात्यांचा पैसा कोणाच्या कंपनीसाठी का खर्च व्हावा?

ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण येथे उपयोगी पडते. पोपमहोदय दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९१ सालच्या 'चेन्तेसिमुस आन्नुस' ह्या परिपत्रकात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक म्हणजे, आपल्या काळात जमिनीइतकीच ज्ञान, कौशल्य व तंत्रज्ञान हीदेखील मालमत्ता झाली आहे आणि जे ह्या मालमत्तेपासून दूर राहतात ते समाजाच्या कडेला फेकले जातात. दुसरी गोष्ट राज्यसंस्थेविषयीची आहे. अर्थव्यवहार स्वतः चालविणे हे राज्याचे पहिले काम नव्हे, परंतु लोकांच्या उद्यमशीलतेला अनुकूल परिस्थिती निर्माण करणे आणि ती जेथे दुबळी असेल तेथे तिला उत्तेजन देणे हे त्याचे कर्तव्य आहे. खालच्या स्तरावर जे होऊ शकते ते वरच्याने हिरावून घेऊ नये आणि जेथे खालच्याला जमत नाही तेथे वरच्याने हात द्यावा, असे हे साह्यतेचे तत्त्व आहे.

ह्या कसोटीला लावून पाहिले तर आमचे मत असे : ज्या टप्प्यावर बँक देऊ शकत नाही आणि खाजगी गुंतवणूकदार देऊ इच्छित नाही, त्याच टप्प्यावर सार्वजनिक पैशाचे समर्थन होते. त्यापुढे नाही. चालत्या, नफ्यातल्या कंपनीला अनुदान देणे हे करदात्याच्या खिशातून श्रीमंताला देणे होय. म्हणूनच कोणतीही योजना पाहताना पैसा किती ह्यापेक्षा तो केव्हा मिळतो, हे आधी विचारावे.

कोणता पैसा कोणत्या वेळी?

आपल्या परिचारिकेकडे परत येऊ. वहीतील आकृतीपासून पहिल्या नमुन्यापर्यंत जाण्यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'निधी-प्रयास' ही योजना आखलेली आहे. नमुना यंत्र तयार करण्यासाठी तीतून १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. महत्त्वाचे म्हणजे त्यासाठी कंपनी असलीच पाहिजे असे नाही, व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो. हे पैसे शासन थेट देत नाही. ते इन्क्युबेशन केंद्रामार्फत येतात. कोंबडीने अंडे उबवावे तशी ही केंद्रे नव्या उद्योगाला उबवतात : जागा, यंत्रशाळा, जाणकारांचा सल्ला आणि हिशेबाची शिस्त देतात. मुंबईच्या आयआयटीतील 'साईन' हे केंद्र २००४ पासून, तर पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील 'व्हेंचर सेंटर' २००७ पासून कार्यरत आहे.

वैद्यकीय व जैवतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात आणखी एक मोठे दार आहे. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ साली 'बायरॅक' ही संस्था स्थापन केली. तिच्या 'बिग' ह्या अनुदानातून १८ महिन्यांपर्यंतच्या कामासाठी ५० लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते. येथेही कंपनी स्थापन होण्यापूर्वी व्यक्तीला अर्ज करता येतो. कर्ज नाही, त्यामुळे तारणाचा प्रश्न नाही. प्रश्न विचारले जातात ते कल्पनेविषयी : ही अडचण खरी आहे का, आजचे उपाय कोठे कमी पडतात, तुमचे साधन वेगळे कसे? वॉर्डात वीस वर्षे काढलेल्या परिचारिकेला ह्या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही व्यवस्थापन पदवीधारकापेक्षा अधिक नेमकी देता येतील, असा आमचा विश्वास आहे.

त्यापुढची पायरी म्हणजे २०२१ साली चार वर्षांसाठी आखलेली 'स्टार्टअप इंडिया सीड फंड' योजना. तिच्यासाठी ९४५ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. निवडलेल्या इन्क्युबेशन केंद्रांना पाच कोटी रुपयांपर्यंत निधी आणि त्या केंद्रांकडून नवउद्योगांना साह्य, अशी तिची रचना करण्यात आली. कल्पना सिद्ध करणे, नमुना बनविणे व चाचण्या घेणे ह्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, तर बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत रक्कम. ही दुसरी रक्कम अनुदान नव्हे. ते एक तर कर्ज, नाही तर पुढे भागभांडवलात बदलता येणारे कर्जरोखे असतात. बरेच अर्जदार येथे गोंधळतात आणि पुढे परतफेडीचे पत्र आले की घाबरतात. अनुदानाचे पैसेही एकरकमी न देता टप्प्याटप्प्याने, ठरलेले काम पूर्ण झाल्यावर देण्याचा नियम होता. अर्ज करतेवेळी कंपनी स्थापन होऊन दोन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा, ही अट तिच्यात होती. ह्या अटीकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना' जाहीर केली. नावातच 'महिला' असलेली ही योजना कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभागाची असून राज्य नाविन्यता सोसायटीमार्फत राबविली जाते. तीत एक लाख ते २५ लाख रुपये एकवेळचे साह्य मिळते. अटी अशा ठरविण्यात आल्या : उद्योग महाराष्ट्रात नोंदलेला व केंद्राची स्टार्टअप मान्यता मिळालेला असावा, त्यात महिला संस्थापकांचा वाटा किमान ५१ टक्के असावा, तो किमान एक वर्ष चालू असावा आणि वार्षिक उलाढाल १० लाख ते एक कोटी रुपये असावी. एक चतुर्थांश तरतूद मागास प्रवर्गातील महिलांसाठी राखीव आहे.

मोठ्या निधीविषयी थोडक्यात सांगतो. २०१६ साली सिडबीकडे १० हजार कोटी रुपयांचा 'फंड ऑफ फंड्स' सोपविण्यात आला व त्यातील दहा टक्के महिलांच्या नेतृत्वाखालील स्टार्टअपसाठी राखल्याचे शासनाने सांगितले. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी १० हजार कोटींची घोषणा झाली. परंतु ही रक्कम थेट उद्योगाला मिळत नाही. सिडबी ती खाजगी गुंतवणूक निधींना देते, आणि निवड ते निधी करतात. म्हणजे आमची परिचारिका पुन्हा त्याच प्रश्नकर्त्यांसमोर उभी राहते ज्यांच्या प्रश्नांविषयी आपण वर वाचले.

दोन अटींमधील खाच

आता वरील अटी शेजारी ठेवून पाहा. बीज निधीची अट कंपनी दोन वर्षांच्या आतली असावी अशी होती. राज्याच्या महिला योजनेला किमान दहा लाखांची उलाढाल हवी. ज्या उत्पादनाला चाचण्या व प्रमाणपत्रे लागतात ते दोन वर्षांत विक्रीस येणे कठीण. तिसऱ्या वर्षी अशी कंपनी बीज निधीच्या दृष्टीने जुनी ठरते आणि उलाढाल नसल्यामुळे राज्याच्या योजनेच्या दृष्टीने अद्याप जन्मलेलीच नसते. मोबाईलवरील ॲप बनविणाऱ्याला ही खाच जाणवणारही नाही. आरोग्य, शेती किंवा पाणी ह्या क्षेत्रांत काम करणाऱ्या स्त्रीला मात्र ती हमखास लागते.

त्यात घड्याळाचा प्रश्न आहे. कंपनीचे वय नोंदणीच्या दिवसापासून मोजले जाते. उद्योजिकेला बाळ झाले, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, म्हणून ते घड्याळ थांबत नाही. वयाची अट स्त्री-पुरुष दोघांना सारखीच आहे, हे खरे. परंतु आपल्या घरांत बाळंतपण आणि आजारपण ह्यांचा भार दोघांवर सारखा पडत नाही. नोकरदार स्त्रीला प्रसूती रजेचा कायदा आहे. स्वतःचा उद्योग उभारणाऱ्या स्त्रीला रजा देणार कोण?

१९८१ सालच्या 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' ह्या परिपत्रकात पोपमहोदय दुसरे जॉन पॉल ह्यांनी म्हटले आहे की, मातृत्वाची किंमत मोजायला लावून स्त्रीला काम करावे लागू नये, कामाची रचनाच अशी असावी की तिला कौटुंबिक जीवनाशी तडजोड करावी लागणार नाही. ते कारखाने व कचेऱ्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले असेल. तेच तत्त्व अनुदानाच्या अटींनाही लागू पडते, असे आम्हांस वाटते. प्रसूतीच्या काळाइतकी वयाची मर्यादा वाढवून देणे, आणि चाचणीच्या टप्प्यावरील उत्पादनांना उलाढालीऐवजी चाचणीचा निष्कर्ष पात्रता म्हणून धरणे, हे दोन बदल केले तर शासनाच्या तिजोरीतून एक रुपयाही अधिक जाणार नाही. आहे तो रुपया मात्र योग्य जागी पोहोचेल. आपले लोकप्रतिनिधी धर्मग्रामांच्या सणांना आवर्जून येतात. त्यांच्यापुढे गटार आणि रस्त्याबरोबर हाही विषय ठेवावयास हरकत नसावी.

नाव कोणाचे, निर्णय कोणाचा?

५१ टक्क्यांच्या अटीविषयी दोन शब्द स्पष्टपणे बोलणे भाग आहे. ही अट चांगल्या हेतूने घातलेली आहे. तथापि तिच्यामुळे दोन उलट प्रकारच्या चुका होतात.

पहिली चूक भोळेपणाची. उद्योग सुरू करताना भावाने थोडे पैसे घातले, पतीने थोडे घातले, हिशेब करणाऱ्या मित्राला काही समभाग दिले, आणि कल्पना जिची ती ४० टक्क्यांवर आली. त्या वेळी कोणाच्या मनात वाईट काही नसते. पुढे योजना जाहीर होते तेव्हा कळते की आपण पात्रच नाही. म्हणून कंपनी नोंदविण्यापूर्वीच वाट्याचा विचार करावा. घरच्यांनी दिलेली रक्कम समभागांऐवजी लेखी, साधे कर्ज म्हणून दाखविता येते का, हे सनदी लेखापालाला विचारावे. आणखी एक बाब अशी की, स्टार्टअप मान्यतेसाठी उद्योग कंपनी, मर्यादित दायित्व भागीदारी किंवा नोंदणीकृत भागीदारी ह्या स्वरूपात असावा लागतो. आपल्याकडील बहुसंख्य महिलांचे उद्योग एकल मालकीचे असतात, आणि एकल मालकीला ती मान्यता मिळत नाही.

दुसरी चूक भोळेपणाची नव्हे. धंदा पतीचा, निर्णय पतीचा, बँकेच्या खात्याचा मोबाईल क्रमांकही पतीचाच, आणि कागदावर ५१ टक्के पत्नीच्या नावे. राखीव प्रभागातून निवडून आलेल्या बाईंच्या खुर्चीत त्यांचे 'साहेब' बसलेले आपण पाहतो, त्यातलाच हा प्रकार. समाजात ह्याला कोणी चोरी म्हणत नाही, 'योजनेचा फायदा घेतला' असे म्हणतात. आम्ही त्याला चोरीच म्हणू. शासनाची फसवणूक होते एवढेच त्यात नाही. त्या वर्षीच्या मर्यादित निधीतून खरोखर पात्र असलेल्या एका अनोळखी स्त्रीचा वाटा उचलला जातो. शिवाय उद्योग बुडाला किंवा कर थकला तर नोटीस संचालक म्हणून सही करणाऱ्या पत्नीच्याच नावे येते, आणि ज्या व्यवहाराची तिला माहिती नव्हती त्याचा जाब तिला द्यावा लागतो. समोर ठेवलेल्या कागदावर 'इथे सही कर' म्हटले म्हणून सही करू नये, एवढे तरी आपल्या महिला मंडळांतून सांगितले गेले पाहिजे.

शासन पहिला ग्राहक झाले तर

अनुदानापेक्षाही एक गोष्ट नव्या उद्योगाला अधिक उभारी देते. ती म्हणजे पहिली मागणी. अनुदान मिळालेल्या कंपनीकडे गुंतवणूकदार संशयाने पाहतो. जिचे साधन एखाद्या शासकीय रुग्णालयाने विकत घेऊन वापरले तिच्याकडे तो वेगळ्या नजरेने पाहतो. महाराष्ट्रात 'स्टार्टअप सप्ताह' भरविला गेला तेव्हा निवडलेल्या २४ नवउद्योगांना शासकीय विभागांसाठी प्रत्यक्ष काम करून दाखविण्याकरिता १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत ठेवण्यात आली. आमच्या मते महाराष्ट्राच्या साऱ्या प्रयोगांत हा सर्वांत शहाणपणाचा होय.

केंद्राच्या खरेदी धोरणात २०१८ साली दुरुस्ती होऊन केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीच्या तीन टक्के खरेदी महिलांच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी असे ठरले. टक्का लहान आहे. पण खरेदी इतकी प्रचंड असते की तीन टक्केही थोडे नव्हेत. ह्यासाठी 'उद्यम' नोंदणी आणि शासनाच्या 'जेम' ह्या खरेदी संकेतस्थळावरील नोंदणी लागते. दोन्हींसाठी दलालाची गरज नाही.

अर्ज करणाऱ्यांसाठी

दलालांचा विषय निघालाच आहे. स्टार्टअप मान्यतेचा अर्ज संकेतस्थळावर विनाशुल्क करता येतो. बीज निधीच्या नियमांतही इन्क्युबेशन केंद्राने अर्जदाराकडून शुल्क घेऊ नये असे म्हटले आहे. 'अनुदान मंजूर करून देतो, दहा टक्के आमचे' असे म्हणणारा मनुष्य भेटल्यास त्याला नमस्कार करून परत पाठवावे.

पेटंटच्या बाबतीत एक सवलत फारशी कोणाला ठाऊक नसते. २०१९ साली पेटंट नियमांत बदल झाला आणि अर्जदारांत एक जरी स्त्री असली तरी अर्जाची जलद तपासणी मागता येऊ लागली. मान्यताप्राप्त स्टार्टअपला पेटंट शुल्कात ८० टक्के सूटही आहे. मात्र एक काळजी घ्यावी. पेटंटचा अर्ज दाखल होण्यापूर्वी आपली युक्ती प्रदर्शनात, वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सॲपवर जाहीर करू नये, कारण एकदा जाहीर झालेल्या गोष्टीवर पेटंट मिळणे कठीण होते. आपल्या लोकांचे कौतुक करण्याचा उत्साह पाहता ही सूचना घरच्यांनाही द्यावी.

अर्ज बहुधा इंग्रजीत भरावे लागतात आणि निवड समितीपुढे दहा-पंधरा मिनिटांत बोलावे लागते. येथे अनेक जणी कचरतात. प्रत्येक धर्मग्रामात निवृत्त बँक अधिकारी आहेत, सनदी लेखापाल आहेत, संगणक कंपन्यांत वरिष्ठ पदांवर काम करणारे तरुण आहेत. त्यांतील तीन-चार जणांनी महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर सभागृहात बसून अर्ज तपासून द्यावेत, उलटसुलट प्रश्न विचारून सराव करून घ्यावा. त्यासाठी ना इमारत लागते, ना देणगी. जिथे मिळालेल्या पैशाचा विनियोग दाखला द्यावयाचा असतो, तिथे पहिल्या दिवसापासून प्रत्येक पावती जपून ठेवण्याची सवयही हेच लोक लावू शकतील. अनुदान ज्या कामासाठी मंजूर झाले त्याच कामावर ते खर्च करावे लागते, आणि हिशेब जुळला नाही तर पुढचा हप्ता थांबतो.

बायबलमधील लुदिया आपल्याला ठाऊक आहे. थुवतीरा नगरीची जांभळ्या वस्त्रांची ही व्यापारी स्त्री फिलिप्पै येथे पौलाला भेटली. पवित्र लेखकाने प्रेषितांच्या कृत्यांत तिचा व्यवसाय नोंदविला, पण तिच्या पतीचे किंवा भावाचे नाव नोंदविले नाही. घरही तिचेच म्हणून सांगितले आहे. जांभळा रंग त्या काळी महाग होता व त्या व्यापाराला भांडवल लागत असे. ते तिला कोणी दिले हे शास्त्र सांगत नाही. आपल्या धर्मग्रामातील मुलींना ते कोठून मिळू शकते हे मात्र आता सांगता येते. 'बिग' अनुदानासाठी अर्ज मागविण्याची प्रथा वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलै ह्या तारखांपासून, अशी राहिलेली आहे. 'प्रयास'साठी जवळच्या केंद्राकडे चौकशी करावी. अटी व मुदती बदलत असतात, तेव्हा अर्जापूर्वी संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावरील चालू वर्षाची सूचना स्वतः वाचावी.